वारा 8 नॉटचा, मग विमान धावपट्टी सोडून गेलं कसं?

लालिंगकर

नमस्कार मंडळी. मी धुळ्याचा. 31 वर्षं एसटीत ड्रायव्हर होतो, आता घरी. एरवी इथे शेवभाजीच्या धाग्यावर भांडायला येतो, आज काम वेगळं आहे.

माझी धाकटी विमान शिकतेय. खानदेशात शिकवणाऱ्या धावपट्ट्या धुळे, शिरपूर आणि जळगाव. त्यातली कुठली ते विचारू नका, सांगणार नाही. मागच्या आठवड्यात सकाळी साडेदहाला ती एकटीच सर्किट, म्हणजे धावपट्टीभोवती फेरी मारून परत उतरायचं, ते मारत होती (एकट्याने उडवतात त्याला सोलो म्हणतात, हे मला आत्ता आत्ता कळलं). दोनदा उतरली, व्यवस्थित. तिसऱ्या वेळी चाकं टेकली, विमान धावायला लागलं, आणि एकदम डावीकडे वळून मातीत गेलं. पुढचा पाय वाकला, पंखा जमिनीला लागला. पोरीला खरचटलंसुद्धा नाही, आई एकवीरेची कृपा. पण तेव्हापासून ती घरात धड बोलत नाही. जेवते आणि गच्चीवर जाऊन बसते.

विचारलं तर एवढंच म्हणाली, "पप्पा, वारा 240 वरून 8 सांगितला होता." 8 नॉट म्हणजे ताशी 15 किलोमीटर. एवढ्या वाऱ्यात माझी लुंगी वाळत नाही. सावळद्याच्या तापी पुलावर ऐन मे महिन्यात मी रिकामी गाडी आडव्या वाऱ्यातून काढलेली आहे, वारा काय करतो ते मला सांगायला नको. पण 15 च्या वाऱ्याने विमान रस्ता सोडतं? यात तिची चूक किती आणि वाऱ्याची किती, हे समजून घ्यायचंय. रागवायला नाही. तिच्याशी बोलायला बसलो तर चार शब्द तरी मला माहीत पाहिजेत.

अमळनेरी_तडका

भाऊ, पोर सुखरूप से ना? मंग बठ्ठं बरं से. विमान काय, दुसरं ई जाई.

स्पष्टवक्ता

8 नॉटमध्ये विमान बाहेर गेलं म्हणजे सरळ चूक आहे, वाऱ्यावर कशाला ढकलायचं? आजकाल पैसे भरले की कुणीही पायलट. आणि मुलींचं गाडी चालवणं तर आपण रोज रस्त्यावर बघतोच.

नंदुरबारी_मिरची

स्पष्टवक्ते, मी व्यावसायिक वैमानिक आहे. 200 तास उडवून लायसन्स काढलंय आणि शिकताना माझंही एकदा नाक धावपट्टीच्या कडेच्या दिव्यापर्यंत गेलं होतं. त्याच महिन्यात आमच्या बॅचच्या दोन मुलांचं गेलं. वाऱ्याला मुलगा-मुलगी कळत नाही. धागा माहितीचा आहे, तसाच राहू द्या.

काका, तुमच्या मुलीने सांगितलेला आकडा खरा असणार. पण तो आकडा सांगितला तेव्हाचा होता. सविस्तर लिहिते रात्री, आत्ता ड्यूटीवर आहे.

जुना_पुष्पक

लालिंगकर भाऊ, मी आता सत्तरी ओलांडली. पुष्पकवर शिकलो आणि पुढे बरीच वर्षं शिकवलं. पुष्पक म्हणजे हिंदुस्तान एरोनॉटिक्सचं दोन माणसांचं, कापडी अंगाचं, 90 हॉर्सपॉवरचं विमान. पूर्वी देशभरातल्या फ्लाइंग क्लबांत तेच असायचं. त्याचं तिसरं चाक शेपटीखाली. त्यामुळे आडवा वारा काय चीज आहे हे आम्हाला पहिल्याच आठवड्यात कळायचं, काही वेळा गवतात बसून.

आधी तुमचा हिशेब पुरा करू. धावपट्टीला नंबर असतो, म्हणजे उत्तरेपासून मोजलेले तिचे अंश, शेवटचं शून्य सोडून. जळगावची 09-27 आहे, म्हणजे पूर्व-पश्चिम. उदाहरणाला हीच धरा. 27 वर उतरायचं म्हणजे तोंड पश्चिमेला, 270 अंशांवर. वारा 240 वरून म्हणजे नाकाच्या 30 अंश डावीकडून. 30 अंशांवरून येणाऱ्या वाऱ्याचा निम्मा भाग आडवा लागतो. 8 चे निम्मे 4. चार नॉटचा आडवा वारा म्हणजे काहीच नाही, त्यात शाळकरी पोरही उतरेल.

आता समजा चाकं टेकल्यावर तो वारा फिरला आणि 190 वरून 14 झाला. म्हणजे नाकापासून 80 अंश, जवळजवळ काटकोन. आता 14 पैकी 14 आडवे. वाऱ्याचा जोर 6 नॉटने वाढला, पण आडवा मार चाराचा चौदा झाला. समोरचा वारा होता 7, तो उरला दोन-अडीच. शिकाऊ विमानांत सेस्ना 152 असते, तिच्या पुस्तकात लिहिलेला आडवा वारा आहे 12 नॉट. 172 ला 15. हे आकडे मर्यादेचे नाहीत बरं का. कंपनीच्या वैमानिकाने चाचणीच्या वेळी एवढ्यात उतरवून दाखवलं, एवढाच त्याचा अर्थ. तो माणूस हजारो तासांचा असतो, तुमच्या मुलीचे तास किती?

मनातल्या मनात हिशेब करायची आमची रीत घड्याळाची होती. कोन जितके अंश तितकी मिनिटं समजा. 15 म्हणजे पाव तास, पाव वारा आडवा. 30 म्हणजे अर्धा. 45 म्हणजे पाऊण. 60 आणि पुढे म्हणजे पूर्ण. अगदी काटेकोर नाही, पण हवेत कॅल्क्युलेटर कोण काढतो?

लालिंगकर

सर, घड्याळाचं लगेच कळलं. म्हणजे वाऱ्याचा जोर बघायचा तसा कोनही बघायचा. आम्हीसुद्धा पुलावर हेच करायचो, फक्त कुणी आकडा दिला नव्हता.

पण एक सांगा. वारा असा अर्ध्या मिनिटात 50 अंश फिरतो? मला तर वारा म्हणजे पश्चिमेचा, एवढंच माहीत. तापीचं खोरंच तसं आहे, वर सातपुडा, खाली अजिंठ्याचा डोंगर, मधून वारा वाहतो नळीतून आल्यासारखा.

साक्रीचा_वारा

इथे मी बोलू शकतो. ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांवर टेक्निशियन आहे, नऊ वर्षं झाली. वारा हाच आमचा धंदा.

तुम्ही म्हणता तो नळीतला पश्चिमेचा वारा जून ते सप्टेंबरचा. तेव्हा चक्की एकदा तोंड करून उभी राहिली की तासन् तास हलत नाही. मार्च-एप्रिल-मेचा वारा वेगळा. सकाळी सातला पातं फिरत नाही. नऊ-दहाला कुणीतरी बटण दाबल्यासारखा वारा सुरू होतो, आणि मग दुपारभर दिशा नाचते. चक्कीच्या डोक्यावर दिशा दाखवणारं छोटं पातं आणि वेगमापक असतो, त्यावरून मोटर सगळं डोकं वाऱ्याकडे वळवते. ती मोटर प्रत्येक झुळुकीमागे धावत नाही. धावली तर दोन महिन्यांत गिअर जाईल. सरासरी काढते आणि मग वळते. उन्हाळ्यात दुपारी आलेख बघितला तर सरासरी सरळ रेषेत आणि खरी दिशा सशासारखी इकडून तिकडे. 60-70 अंशांची उडी मी रोज बघतो.

गंमत म्हणजे आमची 10 मिनिटांची सरासरी बघून ऑफिसातला माणूस विचारतो, "वारा तर चांगला होता, मग चक्की ट्रिप कशी झाली, म्हणजे आपोआप बंद कशी पडली?" तुमचा प्रश्न वाचला आणि तोच आठवला.

जुना_पुष्पक

साक्रीकर, अगदी नेमकं बोललात. आमच्याकडेही तसंच. हवामानाच्या अहवालात, ज्याला मेटार म्हणतात, वारा 10 मिनिटांच्या सरासरीचा असतो. टॉवर सांगतो तो 2 मिनिटांचा. झोत सरासरीच्या 10 नॉटने वर गेला तरच तो 'गस्ट' म्हणून वेगळा सांगायचा. दिशा 60 अंशांच्या आत नाचत असेल तर अहवालात एकच सरासरी दिशा येते. म्हणजे 240 वरून 8 असं ऐकलं तर प्रत्यक्षात तो 215 ते 265 मध्ये हिंडत आणि 5 ते 15 मध्ये उसळत असू शकतो, आणि सांगणाऱ्याने काहीही खोटं सांगितलेलं नसतं.

दहा वाजताचं बटण म्हणजे काय तेही सांगतो. रात्री जमीन गार होते, तिच्यालगतची हवा गार आणि जड होऊन पडून राहते. वर हजार-दीड हजार फुटांवर वारा जोरात चालू असतो, पण खालच्या थराला त्याचा पत्ता नसतो. ऊन तापलं की खालची हवा उचलली जाते, वरची खाली येते, आणि येताना वरचा वेग घेऊन येते. म्हणून नऊ-दहाच्या सुमारास एकदम. शिवाय वरचा वारा आणि जमिनीजवळचा वारा एका दिशेचे नसतात. जमिनीच्या घर्षणाने खालचा वारा आपल्या गोलार्धात डावीकडे कलतो, वर 270 असेल तर खाली 240. वरची हवा तुकड्यातुकड्यांनी खाली आदळते तेव्हा दिशा आणि जोर दोन्ही झटक्याने बदलतात. म्हणून आमच्या वेळी नवख्या पोरांची सोलो सकाळी साडेनऊच्या आत उरकायचा नियम होता. लेखी नव्हता. जो नियम लेखी नसतो तो गर्दी झाली की पहिला मोडतो.

सावदा_केळी

आमच्या शेतकऱ्यांच्या भाषेत दोन ओळी टाकतो. एक म्हणजे वावटळ. नांगरून ठेवलेली काळी जमीन एप्रिलात इतकी तापते की पाय ठेववत नाही, आणि शेजारीच पाणी दिलेली केळी गार. या दोन्हींच्या सीमेवर उभं राहून बघा, वावटळ तिथूनच उठते. लोकांना वाटतं वावटळ म्हणजे जोराचा वारा असताना येते. उलट आहे. वारा पडलेला, ऊन कडक, हवा स्वच्छ, तेव्हाच ती पाचोळा घेऊन गोल फिरते.

दुसरं, बागेच्या कडेला आम्ही शेवरी किंवा गजराज गवत लावतो वारा अडवायला. नवीन माणसाला वाटतं तिच्या मागे सगळीकडे शांत असणार. लगत शांत असतं, पण पुढे थोड्या अंतरावर वारा वरून उडी मारून पडतो आणि गरगरतो. तिथली केळीची पानं जास्त फाटतात. धावपट्टीच्या कडेला झाडं किंवा शेड असेल तर तिथेही हेच होत असणार ना?

नंदुरबारी_मिरची

होतं, अगदी हेच होतं. हँगरच्या, म्हणजे विमानं ठेवायच्या शेडच्या, आडोशातून बाहेर पडल्यावर वारा थप्पड मारल्यासारखा लागतो. आडोशात होतो तेव्हा आपण हात सैल केलेले असतात. काका, ट्रक ओव्हरटेक करताना तुमची बस ट्रकच्या आडोशाला येते आणि पुढे निघाली की ढकलली जाते, तसं.

वावटळीचं तर सोन्यासारखं लिहिलंत सावदाकर. तिच्यातून विमान गेलं तर आधी डावीकडून मार आणि दोन सेकंदांनी उजवीकडून. पहिल्याला दिलेलं उत्तर दुसऱ्याला बरोबर उलटं पडतं. वाहता पाचोळा दिसला तर उतरूच नये. पण डांबरी पट्टीवर पाचोळाच नसतो, त्यामुळे वावटळ दिसतच नाही. बाजूच्या शेतात असेपर्यंत दिसते, पट्टीवर आली की गायब.

आता मुलीच्या हातांबद्दल. वारा डावीकडून असेल तर उतरताना दोन पद्धती. पहिली खेकड्याची: नाक थोडं वाऱ्याकडे ठेवून तिरकं येत राहायचं आणि टेकायच्या क्षणी रडरच्या (शेपटीवरच्या सुकाणूच्या) पायाने नाक सरळ करायचं. दुसरी पंख झुकवायची: डावा पंख खाली, उजवा पाय दाबून नाक सरळ, आणि डावं चाक आधी टेकवायचं. बहुतेक जण पहिलीने येतात आणि शेवटी दुसरीत जातात. तिरक्या नाकानेच टेकलं तर चाकांवर आडवा ताण पडतो, टायर किंचाळतात.

हे सगळं शिकवतात, घोकून घेतात. फसतं ते टेकल्यानंतर. चाकं टेकली की मनात येतं, झालं. हात मधोमध येतो. आणि खरी वेळ तीच असते. विमान अजून 40-50 नॉटने धावतंय, पंखांवर निम्मंशिम्मं वजन अजून हवेत आहे, टायरला पकड नाही, आणि मागे उभी शेपटी म्हणजे वाऱ्याला धरलेला पत्रा. वारा शेपटीला उजवीकडे ढकलतो, नाक डावीकडे वाऱ्याकडे वळतं. कौलावरचा कोंबडा वळतो तसं. तेव्हा पायाने सरळ ठेवायचं आणि हाताने एलेरॉन (पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या फळ्या) वाऱ्याच्या बाजूला धरायचं. वेग कमी होईल तसं ते आणखी जास्त धरायचं, कारण वेग कमी झाला की त्याचा जोर कमी होतो. शेवटी वळणावर पोहोचेपर्यंत हात डावीकडे पूर्ण टेकलेला असतो.

तिचं विमान डावीकडेच गेलं ना? मग वारा डावीकडून आला आणि हात मधे होता, असा माझा अंदाज. अंदाजच. चौकशीत काय निघतं ते निघू दे.

लालिंगकर

ताई, हे वाचून अंगावर काटा आला. नवीन ड्रायव्हरला मी पहिली गोष्ट हीच सांगायचो. गाडी स्टँडवर लागून हँडब्रेक ओढेपर्यंत स्टिअरिंगवरचा हात सैल करायचा नाही. माझ्याच पोरीला सांगायचं राहिलं. तिला गाडी मी शिकवलीच नाही म्हणा, आईने स्कूटी शिकवली.

ब्रेक का नाही लावला मग तिने?

जुना_पुष्पक

लावला असेल. त्यानेच पुढचा पाय वाकला असेल. पंखांवर अजून हवा आहे, मागच्या चाकांवर वजन नाही, तेव्हा ब्रेक दाबला की चाकं घसरतात आणि सगळा भार पुढच्या पायावर येतो. जास्त वेगाने येऊन जबरदस्तीने टेकवलं तरी तेच. पुढचं एकच चाक जमिनीला धरून, मागची जवळजवळ उचललेली. माती वाहायच्या एकचाकी ढकलगाडीसारखं होतं, तिच्यावर वळवायला गेलं की उलटतं.

जुन्या पुष्पकसारख्या विमानांत याहून वाईट. वजनाचा मध्य मुख्य चाकांच्या मागे असतो, त्यामुळे शेपूट जरा बाजूला गेली की पुढे निघायलाच बघते. हातगाडी ओढत नेली तर आपोआप सरळ येते, ढकलत नेली तर सारखी वळते. आताच्या विमानांत चाक पुढे आल्याने मध्य पुढे आला, ती ओढलेल्या गाडीसारखी झाली. म्हणून क्षमा करतात. पण वाट्टेल तेवढं नाही.

आणखी एक, खानदेशापुरतं. जळगावची धावपट्टी समुद्रसपाटीपासून साधारण साडेआठशे फुटांवर. पण मे महिन्यात पारा 44 ला गेला की विमानाला वाटतं आपण साडेचार हजार फुटांवर आहोत, हवा तेवढी विरळ होते. काट्यावर नेहमीचाच वेग दिसतो, जमिनीवर मात्र आपण सात टक्के जास्त जोरात धावत असतो. सात टक्के ऐकायला थोडं वाटतं, पण थांबवायची ऊर्जा चौदा टक्के वाढलेली असते. तुम्ही ड्रायव्हर आहात, तुम्हाला जास्त काय सांगायचं!

जळगाव_ते_कुठेही

विषय विमानाचा आहे म्हणून विचारतो, जळगावहून मुंबईची फ्लाइट हल्ली वेळेवर असते का? पुढच्या सोमवारी जायचंय.

अमळनेरी_तडका

भो, तठे दुसरा धागा से. आठे पोरीना बाप चिंतामा से.

स्पष्टवक्ता

ठीक आहे, मुलींबद्दल लिहिलं ते मागे घेतो. पण मुद्दा राहतोच. वारा बदलतो हे सगळ्यांना माहीत असेल तर तो बदलल्यावर सांभाळणं हेच शिकायचं नाही का? चूक कुणाचीच नाही असं म्हणून कसं चालेल? आणि चोपड्याजवळ 2021 मध्ये विमान पडून माणूस गेला होता, ते विसरलात का?

जुना_पुष्पक

विसरलो नाही. 16 जुलै 2021, वर्डी शिवार. प्रशिक्षक गेले, शिकणारी मुलगी वाचली. गावातल्या बाईने अंगावरचं लुगडं काढून दिलं आणि त्याची झोळी करून लोकांनी तिला डोंगरातून खाली आणलं. पण ते उतरताना झालेलं नव्हतं, सातपुड्यात झालं. दोन्ही एका पिशवीत घालू नका. छोट्या विमानांचे अपघात उतरतानाच सर्वांत जास्त होतात, आणि त्यात माणूस दगावणं फार कमी. पाय वाकतो, पंखा वाकतो, इंजिन उघडून तपासावं लागतं, खिशाला मोठं भोक पडतं. आणि पोरगं घाबरतं.

जीव घेणारी जागा वेगळी आहे आणि ती याच वाऱ्याने तयार होते, म्हणून लिहितो. 27 चंच सर्किट, डाव्या हाताचं. पश्चिमेला उतरायचंय, त्याआधी तोंड उत्तरेला करून एक छोटी बाजू उडायची, तिला बेस म्हणतात. वारा फिरून दक्षिणेकडून येत असेल तर त्या बाजूवर तो पाठीमागून येतो. विमान जमिनीवरून भरभर सरकतं, वळायला उशीर होतो, धावपट्टीची रेषा ओलांडून पुढे जातं. नवखा माणूस मग वळण आवळतो. 45 अंश झुकवलं की विमान ज्या वेगाला पडतं तो वेग जवळपास पाचव्या हिश्शाने वाढतो. 60 अंशांना चाळीस टक्क्यांच्या वर. त्यात पायाने नाक ओढलं की एक पंख जातो, आणि खाली उंची उरलेली नसते. रेषा ओलांडली तर ओलांडू द्यायची, पुन्हा फेरी मारायची. हे वाक्य मी आयुष्यभर इतक्यांदा बोललोय की बायको झोपेत ऐकायची.

तुमचा दुसरा मुद्दा बरोबर आहे. बदल सांभाळणं हेच शिकायचं असतं. ती शिकतेच आहे. एसटीत शिकाऊ ड्रायव्हरला पहिल्याच महिन्यात लालिंग घाटात रात्रीची गाडी देतात का? नाही. मग साडेदहाला, तापायला लागलेल्या हवेत, कमी तासांच्या मुलीला तिसऱ्या फेरीला एकटं कुणी सोडलं, हाही प्रश्न आहे. तो मी इथे वाढवत नाही.

नंदुरबारी_मिरची

फेरी मारण्याबद्दल माझीही भर. गो अराउंड म्हणजे पुन्हा वर जाणं. ते टेकल्यावरही करता येतं, पुढे पट्टी उरली असेल तर. पण डावीकडच्या वाऱ्यात त्याचा एक सापळा आहे. पूर्ण थ्रॉटल दिला की पंख्याच्या फिरण्याने नाक डावीकडे ओढलं जातं. वाराही डावीकडेच ओढतोय. दोन्ही एकाच बाजूला. उजवा पाय आधी आणि थ्रॉटल मग, निदान दोन्ही बरोबर. नाक आधीच डाव्या कडेकडे निघालेलं असताना घाबरून थ्रॉटल ढकलला तर मातीत जायचं ते जास्त वेगाने जाऊ. म्हणून तिने ढकलला नसेल तर तेही एका अर्थी बरं झालं.

झोताच्या दिवशी मी वारा आणि झोत यांतल्या फरकाचा निम्मा वेग जास्त धरून येते. 12 चा वारा आणि 20 चा झोत, फरक 8, म्हणजे नेहमीच्यापेक्षा 4 नॉट जास्त. त्याहून जास्त नाही, नाहीतर सरांनी सांगितलेली ढकलगाडी होते.

मोठ्यांना काही होत नाही असंही नाही. 1 मार्च 2008 ला हॅम्बुर्गला लुफ्थान्साचं ए-320 वादळी आडव्या वाऱ्यात उतरताना डाव्या पंखाचं टोक धावपट्टीला घासून गेलं. वैमानिकांनी परत वर उचललं, दुसऱ्या धावपट्टीवर उतरवलं. कुणाला काही झालं नाही.

आणि काका, रेडिओवरच्या आकड्याहून विंडसॉक खरा. ती केशरी-पांढऱ्या पट्ट्यांची पिशवी शेवटच्या अर्ध्या मिनिटात दोनदा बघायची. आकडा म्हणजे कालचं वर्तमानपत्र.

लालिंगकर

दोन दिवस लिहिलं नाही. सर, ताई, साक्रीकर, सावदाकर, सगळ्यांचे आभार. स्पष्टवक्ते, तुमचेही, तुम्ही विचारलं म्हणून सरांनी एवढं लिहिलं.

परवा सकाळी चहा घेऊन गच्चीवर गेलो. मला वाटायचं पोरगी रडत बसते. बघतो तर टाकीच्या पाइपाला तिने आईची जुनी ओढणी बांधलीय आणि समोर वही घेऊन बसलीय. दर पाच मिनिटांनी दिशा लिहिते. म्हटलं हे काय? तर म्हणे, "पप्पा, मला कळलंच नाही तो कधी फिरला. म्हणून बघतेय कधी फिरतो."

मी खाली जाऊन माझी नोकरीतली वही आणली, थोडी पानं उरली होती. आता एक बाजू ती लिहिते, एक मी. ती डोळे मिटून गालावर वारा घेऊन दिशा सांगते, मी ओढणी बघून लिहितो, मग ताळा करतो. पहिल्या दिवशी दहापैकी चार बरोबर. काल सात. मी तिला घड्याळाचा हिशेब सांगायला गेलो तर तो तिला येत होताच, उलट तिनेच माझी 45 ची चूक काढली. हाताचं विचारलं. बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "हो, मधे होता."

वहीतलं कालचं पान देतो. 7.00 वारा नाही. 8.30 नाही. 9.10 नैर्ऋत्य, हलका. 9.40 पश्चिम. 9.45 दक्षिण, ओढणी आडवी. 9.50 पश्चिम. 10.05 दक्षिण, जोरात, शेजारच्यांचे पापड उडाले. 10.15 काहीच नाही. 10.20 आग्नेय.

मंगळवारी सकाळी साडेसहाला प्रशिक्षकाबरोबर तिची तपासणीची फेरी आहे.

साक्रीचा_वारा

भाऊ, 10.05 चा दक्षिणेचा झोत आमच्या आलेखातपण आहे, 9.52 ला. तोच असेल असं नाही, पण बघून मजा वाटली. आजपासून सकाळचं मी इथे टाकत जातो.

सावदा_केळी

सावदा: आज 9.30 पर्यंत शांत. 10.40 ला नांगरटीवरून वावटळ, पूर्वेकडे गेली. शेवरीच्या मागे पानं हलत नाहीत, पन्नास पावलांवर फाटतायत.

अमळनेरी_तडका

अमळनेर: वारा पश्चिमना. धोतर बठ्ठं वाळी गयं. पोरीले सांगा, मंगळवारले आम्ही बठ्ठा वर दखसूत.